अमेरिकेतली हवा, राज्यांच्या सवलती आणि केंद्राची नजर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ह्यूस्टन, डॅलस, पिट्सबर्ग किंवा न्यू जर्सीत घर घेताना आपली मराठी कुटुंबं शाळा बघतात, पूर येतो का ते विचारतात, ऑफिसला जायला किती वेळ लागेल याचा हिशेब करतात. हवेची चौकशी बहुतेक वेळा राहूनच जाते. मग एखाद्या रात्री रिफायनरीच्या दिशेला आकाश नारिंगी दिसतं, किंवा उन्हाळ्यात मुलाचा दमा बळावतो, आणि प्रश्न सुरू होतात. या कायद्याबद्दल नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. हा वकिली सल्ला नाही. कोर्टात जायचं असेल तर वकील गाठायलाच हवा.

अमेरिकेत हवेचे नियम नेमके कोण करतं? केंद्र की राज्य?

दोघंही करतात, आणि सगळा गुंता तिथूनच सुरू होतो. 1970 च्या क्लीन एअर अ‍ॅक्टने कामाची वाटणी करून दिली. हवा किती स्वच्छ असली पाहिजे हे केंद्राची पर्यावरण संस्था, म्हणजे ईपीए, ठरवते. तिथपर्यंत कसं पोचायचं आणि कोणत्या कारखान्यावर किती बंधन घालायचं हे राज्य ठरवतं.

ओझोन, धूलिकण, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड आणि शिसं या सहा प्रदूषकांसाठी देशभर एकच मानकं आहेत. ओझोनची मर्यादा 2015 साली 70 पीपीबी, म्हणजे हवेच्या एक अब्ज भागांत 70 भाग, अशी ठरली. पीएम 2.5 या सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा 2024 मध्ये घनमीटरला 12 मायक्रोग्रॅमवरून 9 वर आणली गेली. भारतात हीच मर्यादा 40 आहे.

केंद्राला यात पडायची गरजच काय? राज्यांना आपली हवा कळत नाही का?

कळते. पण कारखाना दुसऱ्या राज्यात जाईल ही भीतीही त्यांना असते. एका राज्याने नियम कडक केले की शेजारचं राज्य ढिले नियम दाखवून तोच उद्योग ओढून नेतं. ही स्पर्धा थांबवायची तर सगळ्यांसाठी किमान पातळी एकच हवी, हा 1970 च्या कायद्यामागचा विचार आहे. त्याआधी बावीस वर्षं, ऑक्टोबर 1948 मध्ये, पेनसिल्व्हेनियातल्या डोनोरा या गावात जस्ताच्या आणि पोलादाच्या कारखान्यांचा धूर दरीत अडकून राहिला होता. थोड्याच दिवसांत वीस माणसं गेली, हजारो आजारी पडली. अमेरिकेतल्या हवेच्या कायद्यांचा इतिहास सांगताना आजही सुरुवात डोनोरापासून होते.

हे 'सिप' काय असतं?

स्टेट इम्प्लिमेंटेशन प्लॅन, म्हणजे राज्याने ईपीएला सादर केलेला अंमलबजावणीचा आराखडा. नावावरून एखादं जाडजूड पुस्तक डोळ्यांसमोर येतं, पण तसं ते नसतं. राज्याचे नियम, काही कारखान्यांपुरते काढलेले आदेश, मोजमापाच्या पद्धती, गाड्यांच्या तपासणीची व्यवस्था असं दशकानुदशकं साचत गेलेलं ते बाड असतं. एखादा नियम 1972 चा, त्याला लागून 2019 ची दुरुस्ती, असा प्रकार.

महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ईपीएने सिप मंजूर केला की त्यातला प्रत्येक नियम केंद्राचा कायदा असल्यासारखा लागू होतो. राज्याने कारवाई केली नाही तर ईपीए करू शकते, आणि दोघांनीही केली नाही तर सामान्य नागरिक फेडरल कोर्टात जाऊ शकतो. त्यामुळे सिपमध्ये एखादं सवलतीचं वाक्य घुसलं की तिन्ही दारं एकदम बंद होतात. राज्याने दिलेल्या सवलतीत केंद्राने का लक्ष घालावं, याचं उत्तर इथे आहे.

राज्याने पाठवलेला आराखडा ईपीए फेटाळू शकते का?

फेटाळू शकते, पण मनाला येईल तसा नाही. आराखडा कायद्याच्या अटी पूर्ण करतो की नाही एवढंच ईपीएने बघायचं. 'हे उद्योगाला परवडणार नाही' असं म्हणून ईपीएला राज्याचा कडक आराखडा नाकारता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 1976 मध्ये सेंट लुईसच्या युनियन इलेक्ट्रिक कंपनीच्या खटल्यात सांगितलं. त्याच्या आदल्या वर्षी जॉर्जिया राज्याच्या सवलतींवरून दुसरा खटला झाला होता. हवेच्या मानकाला धक्का लागत नसेल तर राज्य एखाद्या कारखान्याला मुदतवाढ किंवा सवलत देऊ शकतं, असा त्याचा निकाल लागला. कोर्टाने राज्यांना मोकळीक दिली ती अशी दोन्ही बाजूंनी.

आराखडा फेटाळला गेला तर घड्याळ सुरू होतं. अठरा महिन्यांत चूक दुरुस्त झाली नाही तर पहिला दंडुका पडतो: नवा मोठा कारखाना उभारायचा असेल तर तो जेवढं प्रदूषण करणार त्याच्या दुप्पट प्रदूषण दुसरीकडे कमी करून दाखवावं लागतं. त्यानंतर सहा महिन्यांनी महामार्गांचा केंद्रीय निधी अडतो. दोन वर्षांत ईपीएने स्वतःचा आराखडा लादायचा असतो. कागदावर हे सगळं जबरदस्त वाटतं. प्रत्यक्षात ईपीए मुदती चुकवते, कोणीतरी खटला भरतं, कोर्ट नवी तारीख देतं, आणि निधी खरोखर अडवण्याची वेळ क्वचितच येते.

मग कारखान्यांना सूट देण्याचा प्रश्न कुठून आला?

यंत्रांच्या स्वभावातून. कोळशावरच्या वीज केंद्राचं उदाहरण घेऊ. नायट्रोजनची ऑक्साइडं कमी करणारी एससीआर नावाची यंत्रणा अमोनिया आणि कॅटॅलिस्टवर चालते. आतलं तापमान साधारण 300 अंश सेल्सिअसच्या आसपास पोचेपर्यंत अमोनिया सोडता येत नाही. सोडला तर तो प्रक्रिया न होताच धुराड्यातून बाहेर जातो किंवा त्याचे क्षार होऊन कॅटॅलिस्ट बुजतो. म्हणजे थंड बॉयलर पेटवल्यावर सुरुवातीचे काही तास धूर तसाच बाहेर पडणार. धूळ पकडणाऱ्या पिशव्यांचंही तसंच. सुरुवातीला तेलावर बॉयलर पेटवतात, तेव्हा तेलकट काजळीने पिशव्या चिकटू नयेत म्हणून काही ठिकाणी धूर त्यांना वळसा घालून सोडला जातो.

रिफायनरीत वेगळी गत होते. वीज गेली किंवा कॉम्प्रेसर बंद पडला की आतल्या वायूचा दाब वाढत जातो. त्याला वाट दिली नाही तर स्फोट होईल. म्हणून तो उंच नळकांड्याच्या टोकाला, म्हणजे फ्लेअरवर, जाळतात. ती नारिंगी ज्वाळा हीच. फ्लेअर नीट जळत असेल तर बहुतेक वायू नष्ट होतो. वाफेचं प्रमाण चुकलं, ज्वाळा काळी धुरकट झाली किंवा विझली, तर तो वायू तसाच वस्तीवर येतो.

सुरू करताना, बंद करताना आणि बिघाड झाल्यावर होणारं हे जादा प्रदूषण. तीन इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून सगळे त्याला 'एसएसएम' म्हणतात. सत्तरच्या दशकात राज्यांनी आपल्या नियमांत सरळ लिहून टाकलं की अशा वेळी मर्यादा लागू नाही, आणि ईपीएनेही घाईघाईत ते मंजूर केलं. 1982 आणि 1983 मध्ये ईपीएनेच परिपत्रक काढून सांगितलं की जादा प्रदूषण म्हणजे नियमभंगच, कारवाई करायची की नाही हा पुढचा प्रश्न. जुनी वाक्यं मात्र सिपमध्ये तशीच राहिली.

वर्षातून काही तास धूर जास्त निघाला तर एवढं काय बिघडतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि माझं या विषयातलं मुख्य म्हणणंही इथेच आहे.

वर्षाची सरासरी काढली तर हे तास नगण्य दिसतात. पण श्वास वर्षाच्या सरासरीने घेतला जात नाही. सल्फर डायऑक्साइडचा पाच-दहा मिनिटांचा झोतही व्यायाम करणाऱ्या दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळतो. हे पुरावे पाहूनच ईपीएने 2010 मध्ये त्याचं मानक तासाच्या हिशेबावर आणलं, 75 पीपीबी. मैदानावर पळणाऱ्या दमेकरी मुलासाठी त्या दिवशीचा तो तासच काय तो खरा.

मोजमापाचीही अडचण आहे. 2015 च्या नियमानुसार रिफायनऱ्यांना कुंपणावर बेंझिन, म्हणजे कॅन्सरला कारण ठरणारा एक वायू, मोजावा लागतो. बोटभर लांबीच्या नळ्या कुंपणाभोवती लावतात, त्यात बेंझिन शोषून घेणारं द्रव्य असतं, आणि दोन आठवड्यांनी त्या काढून प्रयोगशाळेत पाठवतात. व्यवस्था चांगली आहे, आकडे लोकांसाठी खुले असतात, आणि वार्षिक सरासरी 9 मायक्रोग्रॅमच्या वर गेली तर कारण शोधून दुरुस्ती करावी लागते. पण मंगळवारी रात्री दोन तास काय झालं हे त्या नळीला सांगता येत नाही. चौदा दिवसांत ते विरघळून जातं.

त्यात हे प्रसंग नेमके संकटाच्या दिवशी येतात. ऑगस्ट 2017 मध्ये हार्वी वादळ आलं तेव्हा ह्यूस्टनच्या शिप चॅनेलवरचे कितीतरी कारखाने एकाच वेळी बंद झाले आणि नंतर एकाच वेळी सुरू झाले. राज्यपालांनी काही पर्यावरण नियम तात्पुरते स्थगित केले. वादळात नुकसान होऊ नये म्हणून राज्याने हवा मोजणारी अनेक केंद्रंही आधीच बंद करून ठेवली होती. प्रदूषण जास्त, नियम स्थगित आणि मोजणारं यंत्र बंद, हे तिन्ही एकाच आठवड्यात. फेब्रुवारी 2021 च्या हिमवादळातही वीज गेली, वायूपुरवठा तुटला आणि फ्लेअर पेटले. कुंपणाला लागून राहणारी कुटुंबं बहुतेक कमी उत्पन्नाची, लॅटिनो आणि कृष्णवर्णीय आहेत. आपली घरं त्यामानाने लांब असतात, म्हणून आपल्याला याची झळ उशिरा कळते.

या सवलती सगळ्या एकसारख्याच असतात का?

नाही, आणि हा फरक समजल्याशिवाय पुढचे कोर्टाचे निकाल कळणार नाहीत. सगळ्यात ढोबळ प्रकार म्हणजे आपोआप मिळणारी सूट: बिघाड झाला की मर्यादा लागूच नाही, नियमभंग झालाच नाही. दुसऱ्या प्रकारात राज्याच्या संचालकाला अधिकार असतो. त्याने 'हे माफ' म्हटलं की माफ, त्यावर ना जाहीर सुनावणी ना ईपीएची मंजुरी. तिसऱ्या प्रकारात राज्याने कारवाई न करण्याचा निर्णय घेतला की ईपीए आणि नागरिकांचेही हात बांधले जातात. चौथा बचावाचा: नियमभंग झाला हे मान्य, पण बिघाड टाळता येण्यासारखा नव्हता, आम्ही लगेच कळवलं, लगेच दुरुस्त केलं, असं कंपनीने सिद्ध केलं तर दंड नाही. टेक्सासची पद्धत या चौथ्या प्रकारची आहे. चौघांत तीच त्यातल्या त्यात बरी, कारण निदान सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर असते.

2015 मध्ये ईपीएने नेमकं काय केलं?

त्याआधी दोन निकाल झाले होते. 2008 मध्ये वॉशिंग्टनच्या डी. सी. सर्किट या केंद्रीय अपील कोर्टाने विषारी वायूंच्या केंद्रीय नियमातली एसएसएम सूट रद्द केली. कायद्यात उत्सर्जन मर्यादेची व्याख्याच 'सतत लागू असणारी' अशी आहे, त्यामुळे मधूनच बंद पडणारी मर्यादा त्यात बसत नाही, असं कोर्टाने सांगितलं. 2014 मध्ये सिमेंट भट्ट्यांच्या खटल्यात त्याच कोर्टाने बचावाची तरतूदही काढली. दंड किती, तो करायचा की नाही हे न्यायाधीश ठरवेल, ईपीए नाही, असा तो निकाल होता. तो लिहिणारे न्यायाधीश ब्रेट कॅव्हानॉ आज सुप्रीम कोर्टात आहेत.

सिएरा क्लब या संस्थेने 2011 मध्येच ईपीएकडे अर्ज केला होता की राज्यांच्या सिपमधल्या अशा सगळ्या तरतुदी तपासा. मे 2015 मध्ये ईपीएने 36 राज्यांना एकदम 'सिप कॉल' काढला. तुमच्या मंजूर आराखड्यात त्रुटी आहे, ती दुरुस्त करा, असा तो आदेश. मुदत होती 22 नोव्हेंबर 2016.

पुढे सरकारं बदलली तसं धोरण फिरत गेलं. 2020 मध्ये टेक्सास, नॉर्थ कॅरोलायना आणि आयोवा यांच्यापुरता हा आदेश मागे घेतला गेला आणि सवलती काही अटींवर चालतील असं परिपत्रक निघालं. 2021 मध्ये ते परिपत्रक रद्द झालं. काही राज्यांनी नियम सुधारले, काहींनी वाट पाहिली.

आणि 2024 च्या निकालाने काय झालं?

1 मार्च 2024 रोजी डी. सी. सर्किटने 2015 चा आदेश निम्मा उभा ठेवला आणि निम्मा पाडला. आपोआप मिळणारी सूट, संचालकाच्या मर्जीची सूट आणि जबाबदारीतून पूर्ण सुटका देणारा बचाव, या तिन्हींबाबतचा आदेश रद्द झाला. नागरिकांचे आणि ईपीएचे हात बांधणाऱ्या तरतुदी, आणि कोर्टाचा दंड ठरवण्याचा अधिकार काढून घेणारा बचाव, याबाबतचा आदेश कायम राहिला.

कोर्टाचा युक्तिवाद थोडक्यात असा. सिपमध्ये 'आवश्यक किंवा योग्य' अशा उत्सर्जन मर्यादा आणि इतर उपाय असावेत, असं कायदा म्हणतो. मर्यादा सतत लागू असते हे खरं, पण राज्याचा प्रत्येक नियम ही 'मर्यादा'च असली पाहिजे असं कायदा म्हणत नाही. तो 'इतर उपाय'ही असू शकतो. अमुक राज्यात अमुक ठिकाणी मर्यादाच आवश्यक आहे, हे ईपीएने आधी ठरवायला हवं होतं, आणि ते तिने केलं नव्हतं.

म्हणजे सवलती कायदेशीर आहेत असं कोर्टाने म्हटलेलं नाही. ईपीएने घेतलेली वाट चुकली असं म्हटलं. पुढची ईपीए प्रत्येक राज्याचा तपशील बघून ती गरज दाखवू शकते. पण 36 राज्यांत एकेक करून हे करायला इच्छाशक्ती लागते, माणसं लागतात आणि वर्षं लागतात. तोवर बऱ्याच ठिकाणी सत्तरच्या दशकातलीच वाक्यं चालू राहतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

उद्योगांचं म्हणणं अगदीच चुकीचं आहे का?

नाही. बिघाड झाल्यावर वायू फ्लेअरवर जाळणं हाच सुरक्षित मार्ग आहे. दंडाच्या भीतीने कोणी कारखाना बंद करायला कचरू नये. थंड यंत्रणेला गरम यंत्रणेचा आकडा लावणंही अन्यायाचं आहे.

पण मर्यादा अजिबातच न ठेवणं हा त्यावरचा उपाय नाही. सुरू करतानाच्या काळासाठी वेगळी मर्यादा घालता येते, किंवा काम कसं करायचं याचे नियम लावता येतात. कोळसा केंद्रांच्या पाऱ्याबाबतच्या 2012 च्या केंद्रीय नियमात नेमकं हेच केलं आहे: बॉयलर पेटवताना नैसर्गिक वायूसारखं स्वच्छ इंधन वापरा, आणि यंत्रणा लवकरात लवकर सुरू करा. एकाच युनिटमध्ये तोच बिघाड वर्षात चार वेळा होत असेल, तर तो बिघाड राहत नाही. ती देखभालीतली काटकसर झाली.

राष्ट्राध्यक्ष थेट सूट देऊ शकतात असं ऐकलं. खरं आहे का?

हो, पण त्याचा सिपशी संबंध नाही. ती तरतूद विषारी वायूंच्या केंद्रीय नियमांपुरती आहे. लागणारं तंत्रज्ञान उपलब्ध नसेल आणि राष्ट्रीय सुरक्षेसाठी गरज असेल, अशा दोन्ही अटी पूर्ण होत असतील तर राष्ट्राध्यक्ष दोन वर्षांपर्यंत सूट देऊ शकतात आणि ती वाढवूही शकतात. मार्च 2025 मध्ये ईपीएने कंपन्यांना अशा सुटीसाठी ईमेलने अर्ज करायला सांगितलं. एप्रिलमध्ये साठहून अधिक कोळसा वीज केंद्रांना पाऱ्याबाबतच्या, 2024 मध्ये कडक केलेल्या नियमातून सूट मिळाली. जुलैमध्ये रसायन कारखाने आणि वैद्यकीय उपकरणं इथिलीन ऑक्साइडने निर्जंतुक करणारे उद्योग त्यात आले. ज्या नियमांसाठीचं तंत्रज्ञान कितीतरी कारखान्यांत आधीच चालू आहे, तिथे 'तंत्रज्ञान उपलब्ध नाही' हे मला पटत नाही. हा वाद कोर्टात गेला आहे.

वणव्याच्या धुराने हवा बिघडली तर दोष राज्याचा कसा?

धरला जात नाही. वणवा, धुळीचं वादळ अशा 'अपवादात्मक घटनां'चे आकडे मानकाच्या हिशेबातून वगळण्याची मागणी राज्य करू शकतं. घटना आणि वाढलेला आकडा यांचा संबंध मात्र पुराव्याने दाखवावा लागतो. उपग्रहाची चित्रं, वाऱ्याच्या दिशा, शेजारच्या केंद्रांचे आकडे असा मोठा अहवाल त्यासाठी तयार करतात. तरतूद योग्य आहे. धोका एवढाच की कागदावर वगळलेला दिवस लोकांच्याही नजरेतून वगळला जातो.

कॅलिफोर्नियाला वेगळे नियम का?

गाड्यांच्या धुराबाबत राज्यांनी स्वतःचे नियम करू नयेत असा कायदा आहे. अपवाद एकट्या कॅलिफोर्नियाचा, कारण लॉस एंजेलिसच्या धुरक्यामुळे तिने केंद्राच्या आधीच नियम केले होते. प्रत्येक वेळी ईपीएची परवानगी घ्यावी लागते, आणि आजवर शंभराहून अधिक वेळा ती मिळाली आहे. 1977 पासून इतर राज्यांना कॅलिफोर्नियाचे नियम जसेच्या तसे उचलता येतात. न्यू जर्सी, न्यू यॉर्क ही त्यातलीच.

जून 2025 मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, ठरावांवर राष्ट्राध्यक्षांनी सही केली आणि यातल्या तीन परवानग्या रद्द झाल्या. ज्या कायद्याने असे ठराव करून सरकारी नियम रद्द करता येतात, त्याखाली अशा परवानग्या येतच नाहीत, असं काँग्रेसच्याच लेखापाल कार्यालयाने सांगितलं होतं. कॅलिफोर्नियाने इतर राज्यांसह त्याच दिवशी खटला भरला. केंद्राच्या देखरेखीमुळे राज्याची हवा नेहमी सुधारतेच असं नाही, याचं हे ठळक उदाहरण. केंद्राने किमान पातळी राखावी आणि पुढे जाणाऱ्याला अडवू नये, असं माझं मत आहे.

राज्य केंद्रापेक्षा कडक नियम करू शकतं का?

कारखान्यांच्या बाबतीत हो. मात्र काही राज्यांनी आपल्याच कायद्यात लिहून ठेवलं आहे की आम्ही केंद्रापेक्षा कडक जाणार नाही.

शेजारच्या राज्याचा धूर आपल्याकडे येत असेल तर?

कायद्यात 'चांगल्या शेजाऱ्या'ची तरतूद आहे. वाऱ्याच्या वरच्या बाजूच्या राज्याने खालच्या राज्याची हवा मानकाबाहेर जाईल इतकं प्रदूषण सोडायचं नाही. 2023 मध्ये ईपीएने 23 राज्यांसाठी तसा आराखडा आणला. अनेक राज्यांच्या बाबतीत कोर्टांनी तो अडवल्यावर जून 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी त्याची अंमलबजावणी रोखली. त्याच आठवड्यात, कायद्यातल्या संदिग्ध जागी सरकारी संस्थेचा अर्थ मानायचा हा चाळीस वर्षांचा पायंडाही कोर्टाने मोडला. तो पायंडा मुळात 1984 च्या हवेच्याच एका खटल्यातून आला होता. जून 2025 मध्ये आणखी एक बदल झाला: सिप फेटाळल्याचे खटले आता त्या त्या भागातल्या सर्किट कोर्टात चालतील. म्हणजे टेक्सासचा खटला टेक्सासच्या सर्किटमध्ये, आणि एकाच प्रश्नावर दोन भागांत दोन निकाल लागण्याची शक्यता.

भारतात, महाराष्ट्रात असं काही आहे का?

रचना मिळतीजुळती आहे. 1981 च्या हवा कायद्याखाली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि राज्यांची मंडळं आहेत, महाराष्ट्रात एमपीसीबी. केंद्रीय मंडळ राज्य मंडळाला लेखी निर्देश देऊ शकतं. सिपसारखा, नागरिकाला थेट कोर्टात वापरता येईल असा मंजूर आराखडा मात्र नाही.

सवलतीचं उदाहरण अगदी ताजं आहे. डिसेंबर 2015 मध्ये केंद्राने कोळसा वीज केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादा घातल्या. मुदती पुढे ढकलत ढकलत 11 जुलै 2025 रोजी अधिसूचना निघाली आणि सल्फर काढणारी एफजीडी यंत्रणा बसवण्यापासून देशातल्या बहुतेक युनिट्सना मोकळीक मिळाली. दहा लाखांवर वस्तीची शहरं आणि दिल्ली परिसर यांच्या दहा किलोमीटर आत असलेल्यांना ती बसवावी लागेल. अतिप्रदूषित भाग किंवा मानकात न बसणारी शहरं यांच्या जवळच्या केंद्रांबाबत एकेक करून निर्णय होणार आहे. चंद्रपूर अशा शहरांच्या यादीत आहे, त्यामुळे विदर्भातल्या लोकांनी त्या निर्णयांकडे डोळ्यांत तेल घालून पाहायला हवं.

ग्रीन कार्ड नाही. तरीही हरकत नोंदवता येते का?

येते. ईपीएने नियमाचा मसुदा काढला की कोणालाही लेखी मत देता येतं, नागरिकत्वाची अट नाही. राज्याचा सिप बदलतानाही जाहीर सूचना आणि हरकतींची मुदत द्यावीच लागते. तुमचं मत सगळ्यांना वाचता येतं, म्हणून घरचा पत्ता, फोन, मुलाचे वैद्यकीय कागद त्यात घालू नका. 'प्रदूषण वाईट आहे' एवढं लिहून उपयोग नाही. कोणत्या कलमाला हरकत, कोणत्या तारखेला काय घडलं, त्या दिवशी जवळच्या केंद्राचा आकडा किती होता, असं लिहा. अंतिम नियमात ईपीएला महत्त्वाच्या मुद्द्यांना उत्तर द्यावं लागतं, आणि पुढे कोर्टात फक्त मुदतीत मांडलेला मुद्दाच चालतो.

आम्ही टेक्सासमध्ये राहतो. रात्री फ्लेअर पेटलेला दिसला तर काय करायचं?

वेळ लिहून ठेवा, फोटो काढा, वास कसला आला ते लिहा. डोळे चुरचुरत असतील, खोकला येत असेल तर खिडक्या बंद करा, आणि अधिकृत सूचना आली तर तीच पाळा. एअरनाऊ या हवेचे आकडे देणाऱ्या सरकारी संकेतस्थळावर जवळच्या केंद्राचा आकडा बघा. तो सहसा ओझोन आणि धूलिकणांचाच असतो, त्यामुळे हिरवा रंग दिसला म्हणजे बेंझिन नाही असं समजू नका. मग राज्याच्या पर्यावरण आयोगाकडे, म्हणजे टीसीईक्यूकडे, ऑनलाइन तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा.

ठरलेल्या प्रमाणापेक्षा जास्त वायू बाहेर गेला तर कंपनीला 24 तासांत राज्याला कळवावं लागतं. बेंझिनसाठी ते प्रमाण दहा पौंड आहे. ही नोंद टीसीईक्यूच्या संकेतस्थळावर काउंटीनुसार शोधता येते. त्यात घटना कधी सुरू झाली, कधी संपली, कारण, कोणता वायू, परवानगी किती होती आणि प्रत्यक्षात किती गेला, असे रकाने असतात. सुरुवातीचे आकडे अंदाजे असतात. अंतिम अहवाल घटना संपल्यावर दोन आठवड्यांत येतो, म्हणून नोंद दोनदा बघा. 'कारण' या रकान्यात तीच मोटर, तोच व्हॉल्व्ह पुन्हा पुन्हा दिसला तर त्या नोंदी बाजूला काढून ठेवा.

अशाच नोंदींवर दोन संस्थांनी 2010 मध्ये ह्यूस्टनजवळच्या बेटाऊनच्या एक्झॉनमोबिल संकुलाविरुद्ध नागरिकांचा दावा लावला. कंपनीने राज्याला दिलेले अहवाल हाच त्यातला मुख्य पुरावा होता. जिल्हा न्यायालयाने 2017 मध्ये सुमारे दोन कोटी डॉलर दंड ठोठावला, अपिलांनंतर तो 1 कोटी 42 लाख 50 हजारांवर आला. डिसेंबर 2024 मध्ये पाचव्या सर्किटच्या, म्हणजे टेक्सासच्या भागातल्या अपील कोर्टाच्या, पूर्ण पीठाने तो कायम ठेवला आणि जून 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने हस्तक्षेप करायला नकार दिला. असा दावा लावण्याआधी कंपनीला, राज्याला आणि ईपीएला साठ दिवसांची नोटीस द्यावी लागते. त्या साठ दिवसांत सरकारने स्वतः कोर्टात जाऊन नेटाने खटला चालवला तर नागरिकाला वेगळा दावा लावता येत नाही, पण त्या खटल्यात सामील होता येतं.